ध्रुवित अवरक्त प्रकाश आणि विनाबॅटरीची लेखणी : बहुलिपी वर्गासाठी संवादी पडदा

प्रस्तावना

बेळगाव-निपाणी या सीमाभागातील महाविद्यालयाचा फळा दिवसभरात चार लिप्या पाहतो. पहिल्या तासाला मराठीची देवनागरी, दुसऱ्याला कन्नड, तिसऱ्याला इंग्रजीची रोमन आणि चौथ्याला उर्दूची नस्तालीक. यांपैकी तीन लिप्या डावीकडून उजवीकडे जातात, एक उजवीकडून डावीकडे येते. निपाणी शहर कर्नाटकात, तर त्याला खेटून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रातील कागल तालुक्यात. एकाच घरातील एक भाऊ बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या (स्थापना २०१०) अभ्यासक्रमाला आणि दुसरा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) अभ्यासक्रमाला असू शकतो. अशा भागात अध्यापनाचे कोणतेही साधन घेताना पहिला प्रश्न विचारावा लागतो तो हा की, या साधनावर सर्व लिप्या हाताने नीट लिहिता येतील काय?

गेल्या दोन दशकांत महाविद्यालयांत प्रोजेक्टर आले. त्यांच्यासोबत भिंतीवरील चित्रावरच लिहिता येईल असे 'संवादी' पडदेही काही ठिकाणी आले. पण अशा पडद्याची लेखणी हरवली, तिचा सेल संपला किंवा आतली तार तुटली की संपूर्ण यंत्रणा नुसती चित्रे दाखवणारी पेटी होऊन बसते. मग प्राध्यापक लिहिणे सोडून तयार पाने वाचून दाखवू लागतात. भाषेच्या वर्गात हे नुकसान मोठे आहे. विद्यार्थ्याला छापील अक्षर दिसते, पण अक्षर कोठून सुरू होते, कोठे वळते आणि नुक्ता केव्हा दिला जातो हे दिसत नाही.

या अडचणीवरील एक उपाय प्रकाशशास्त्रात आहे. लेखणीत बॅटरी, तार किंवा दिवा काहीही न ठेवता, केवळ ध्रुवित अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने तिची जागा ओळखता येते. हे कसे घडते याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लेख भाषेच्या अध्यापकांनाही समजावा, या हेतूने गणित अगदी थोडे ठेवले आहे.

सक्रिय आणि निष्क्रिय लेखणी

संवादी पडद्याचे मूळ काम एकच आहे : लेखणीचे टोक पडद्यावर कोठे आहे आणि ते टेकले आहे की उचललेले आहे, हे संगणकाला कळवणे. १९९१ मध्ये कॅनडातील स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने 'स्मार्ट बोर्ड' बाजारात आणला. त्यानंतर या कामासाठी अनेक पद्धती निघाल्या. आपल्याकडे आय.आय.टी. मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील प्रा. कीर्ती त्रिवेदी यांच्या कल्पनेतून 'के-यान' हे संगणक व प्रोजेक्टर एकाच पेटीत असलेले उपकरण तयार झाले. एकच यंत्र साऱ्या वर्गाने मिळून वापरावे, हा त्यामागचा विचार होता.

डिसेंबर २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉनी चुंग ली या संशोधकाने एक स्वस्त युक्ती जगापुढे ठेवली. निन्टेंडो कंपनीच्या 'वी' या खेळाच्या रिमोटमध्ये अवरक्त प्रकाश पाहणारा छोटा कॅमेरा असतो. तो एका वेळी चार प्रकाशबिंदूंचा माग ठेवतो. ली यांनी लेखणीच्या टोकाला अवरक्त दिवा बसवला आणि हा रिमोट पडद्याकडे तोंड करून ठेवला. त्यांनी संगणकप्रणालीही मोफत उपलब्ध करून दिली, त्यामुळे जगभरच्या शिक्षकांनी असे पडदे घरच्या घरी बनवले.

ली यांची लेखणी 'सक्रिय' होती, म्हणजे ती स्वतः प्रकाश देत होती. तिला सेल लागे, कळ लागे आणि त्या दोन्ही बिघडत. निष्क्रिय लेखणी स्वतः काहीच देत नाही, समोरून आलेला प्रकाश फक्त परत पाठवते. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात ऊसवाहू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला व बैलगाडीला मागे चकाकत्या पट्ट्या लावतात. त्या पट्टीत दिवा नसतो, पण गाडीच्या दिव्याचा झोत पडताच ती चालकाच्या डोळ्यांत उजळते. तिच्यातील बारीक काचमणी आलेला प्रकाश आल्या वाटेनेच माघारी धाडतात. या गुणाला प्रतिगामी परावर्तन म्हणता येईल. अशी पट्टी लेखणीच्या टोकाशी गुंडाळली आणि कॅमेऱ्याशेजारी दिवा ठेवला, तर कॅमेऱ्याला ते टोक ठळक दिसेल.

परंतु येथेच खरी अडचण उभी राहते. कॅमेऱ्याला केवळ लेखणी चमकताना दिसत नाही. गुळगुळीत फळ्यावर दिव्याचे प्रतिबिंब पडते. प्राध्यापकांचे घड्याळ, चष्म्याची काच, विद्यार्थिनीच्या बांगड्या, दप्तरावरील चकाकती पट्टी, पांढरा सदरा हे सारेच उजळते. यांतून लेखणी नेमकी निवडायची कशी? त्यासाठी प्रकाशाच्या ध्रुवण या गुणाचा उपयोग होतो.

ध्रुवण म्हणजे काय?

प्रकाश हा तरंग आहे आणि त्याचे कंपन प्रवासाच्या दिशेला काटकोनात होते. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशात हे कंपन सर्व बाजूंना होते. ते एकाच प्रतलात राहिले तर तो प्रकाश रेषीय ध्रुवित झाला असे म्हणतात. दोरीचे एक टोक खिडकीच्या उभ्या गजांमधून नेऊन दुसरे हाताने हलवले, तर उभी लाट गजांतून पार होते व आडवी अडते. ध्रुवक नावाचा पारदर्शक पत्रा प्रकाशाच्या बाबतीत असेच काम करतो.

१८०८ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला प्रकाश एतिएन लुई मालुस यांनी कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला. स्फटिक फिरवताच प्रतिबिंबाची तेजस्विता बदलते, असे त्यांना आढळले. पुढे त्यांनी मांडलेला नियम सोपा आहे. एका ध्रुवकातून आलेला प्रकाश दुसऱ्यातून किती पार होतो, हे दोघांमधील कोनाच्या कोज्येच्या वर्गावर अवलंबून असते. कोन ० अंश असता सर्व प्रकाश पार होतो, ४५ अंशांवर निम्मा, ६० अंशांवर पाव आणि ९० अंशांवर काहीच नाही. या शेवटच्या मांडणीला 'काटकोनी ध्रुवक' म्हणू.

परिभाषेविषयी येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. 'अवरक्त' म्हणजे तांबड्याच्या खालचा. उर्दूतील 'ज़ेरीं सुर्ख़' याचा अर्थही तोच. 'ध्रुवण' हा शब्द ध्रुवावरून आला आणि उर्दूतील 'तक़्तीब' हा शब्द 'क़ुत्ब', म्हणजे ध्रुव, यावरून. एका भाषेत संज्ञा समजली की दुसऱ्या भाषेत ती पाठ करावी लागत नाही, हे विद्यार्थ्यांना अशा जोड्यांतून दाखवता येते.

अवरक्त प्रकाशच का?

प्रोजेक्टरचे चित्र दृश्य प्रकाशाचे असते. लेखणी शोधण्यासाठीही तोच प्रकाश वापरला तर चित्रातील प्रत्येक पांढरा ठिपका कॅमेऱ्याला लेखणी वाटेल. म्हणून विल्यम हर्शल यांनी १८०० मध्ये शोधलेल्या अवरक्त पट्ट्यातील प्रकाश घेतात. डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. या कामासाठी ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे दिवे वापरतात. ते विद्यार्थ्यांना दिसत नाहीत आणि चित्रालाही बाधा आणत नाहीत. कॅमेऱ्यापुढे दृश्य प्रकाश अडवणारी गाळणी लावली की प्रोजेक्टरचे चित्र त्याच्या दृष्टीने जवळजवळ नाहीसे होते.

लेखणी वेगळी कशी ओळखतात?

यंत्रणेचे तीन भाग आहेत. पहिला, अवरक्त दिवा व त्यापुढे उभा ध्रुवक. दुसरा, दिव्याशेजारी कॅमेरा व त्यापुढे आडवा ध्रुवक. तिसरा, लेखणी. तिच्या टोकाशी चकाकती पट्टी असते आणि त्या पट्टीवर 'चतुर्थांश-तरंग' नावाचा पातळ पारदर्शक थर असतो.

या थरात प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या गतीने जातात आणि एक घटक दुसऱ्याच्या पाव तरंगलांबीने मागे पडतो. लेखणीवर पडलेला प्रकाश थरातून आत जातो, पट्टीवरून परततो आणि पुन्हा थरातून बाहेर येतो. दोन वेळा पाव, म्हणजे एकूण अर्धी तरंगलांबी. थराचा अक्ष ४५ अंशांवर असेल तर या फेरीत प्रकाशाचे प्रतल बरोबर ९० अंशांनी वळते. उभा गेलेला प्रकाश आडवा होऊन परततो आणि कॅमेऱ्याच्या आडव्या ध्रुवकातून पार होतो.

आता इतर वस्तू पाहू. फळ्यावरील दिव्याचे प्रतिबिंब, घड्याळ, बांगड्या व साधी चकाकती पट्टी यांवरून परतलेला प्रकाश बहुतांशी उभाच राहतो, म्हणून तो आडव्या ध्रुवकाने अडवला जातो. रंगवलेली भिंत, कागद व सुती कापड यांसारख्या खरखरीत वस्तू ध्रुवण मोडून टाकतात. त्यांच्यावरून येणाऱ्या प्रकाशात उभा व आडवा भाग साधारण सारखाच असतो, म्हणून त्यातील निम्मा कॅमेऱ्यात शिरतो.

हा निम्मा भागही वजा करता येतो. त्यासाठी दिव्यांचे दोन गट घेतात, एकापुढे उभा ध्रुवक आणि दुसऱ्यापुढे आडवा. ते आळीपाळीने पेटवून दोन चित्रे घेतात. कॅमेऱ्याशी काटकोनी असलेल्या दिव्याच्या चित्रातून समांतर दिव्याचे चित्र वजा केले की पुढीलप्रमाणे स्थिती होते :

१) भिंत, कागद, कापड : दोन्ही चित्रांत सारखेच, वजाबाकी जवळजवळ शून्य.
२) चकचकीत वस्तू : समांतर चित्रात अधिक तेजस्वी, वजाबाकी ऋण.
३) लेखणी : काटकोनी चित्रात अधिक तेजस्वी, वजाबाकी धन.

म्हणजे संगणकाला 'सर्वांत तेजस्वी वस्तू' शोधावी लागत नाही. ज्या ठिकाणी वजाबाकीचे चिन्ह धन आहे, ती जागा लेखणीची. खिडकीतून फळ्यावर येणारा दिवसाचा प्रकाशही दोन्ही चित्रांत सारखाच असल्याने वजा होतो. मात्र तो इतका प्रखर नसावा की कॅमेरा पूर्ण पांढरा पडेल.

लेखणी हातात फिरली तर?

वर थराचा अक्ष ४५ अंशांवर धरला होता. पण लिहिताना लेखणी बोटांत फिरते. अक्ष आणि प्रकाशाचे प्रतल यांतील कोन बदलला की परतणाऱ्या प्रकाशाचे वळणेही बदलते. काटकोनी कॅमेऱ्यात येणारा प्रकाश त्या कोनाच्या दुपटीच्या ज्येच्या वर्गाप्रमाणे असतो. ४५ अंशांवर पूर्ण, साडेबावीस अंशांवर निम्मा आणि ० किंवा ९० अंशांवर शून्य. म्हणजे लिहिता लिहिता लेखणी मध्येच अदृश्य होऊ शकते.

यावर उपाय वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाचा. यात कंपनाची दिशा मळसूत्रासारखी उजवीकडे किंवा डावीकडे फिरत पुढे जाते. आरशावर आदळताच उजवे मळसूत्र डावे होऊन परतते. दिवा उजवा प्रकाश देत असेल आणि कॅमेरा उजवाच स्वीकारत असेल, तर सर्व साधी प्रतिबिंबे डावी होऊन परततात व अडवली जातात. लेखणीवरील थर मात्र हा बदल पुन्हा उलटा करतो, त्यामुळे तिच्यावरून प्रकाश उजवाच परततो. यात लेखणी कोणत्याही कोनात फिरली तरी फरक पडत नाही. रोजच्या अध्यापनासाठी ही रचना अधिक योग्य होय.

नुक्ता, अनुस्वार आणि लेखणीचे टेकणे

उर्दूत एकाच आकाराखाली एक नुक्ता दिला की 'बे', खाली तीन दिले की 'पे' आणि वर दोन दिले की 'ते' होतो. मराठीत अनुस्वाराच्या एका टिंबाने 'भाडे'चे 'भांडे' होते. संगणकाला लेखणी उचललेली कळली नाही तर दोन नुक्त्यांची एक रेघ होते आणि वाचनच बदलते. म्हणून टेकणे व उचलणे अचूक कळणे ही लिपी शिकवणाऱ्याची पहिली गरज आहे.

निष्क्रिय लेखणीत हे काम यांत्रिक रीतीने साधता येते. टोकाला बारीक स्प्रिंग बसवून वर एक अपारदर्शक कडे ठेवतात. टोक फळ्यावर दाबले की कडे मागे सरकते आणि पट्टी उघडी पडते, उचलले की झाकली जाते. झाकलेली लेखणी कॅमेऱ्याला दिसतच नाही.

कॅमेऱ्याच्या गतीलाही तितकेच महत्त्व आहे. हात सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने फिरत असेल आणि कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेत असेल, तर दोन नोंदींत सुमारे १.७ सेंटिमीटरचे अंतर पडते. नस्तालीकमधील वळण त्यात कोनासारखे तुटक दिसेल. १०० चित्रे घेतली तर हे अंतर ५ मिलिमीटरवर येते. एका नोंदीसाठी दोन चित्रे लागत असतील तर वेग दुप्पट हवा. कॅमेऱ्यातील जागा व पडद्यावरील जागा जुळवण्यासाठी आरंभी पडद्याच्या चार कोपऱ्यांवर लेखणी टेकवावी लागते. त्यावरून संगणक उरलेल्या सर्व बिंदूंचा हिशेब करतो.

कलमाच्या कटासाठी आणखी एक शक्यता आहे. नस्तालीक अक्षराचे जाड-बारीक सौंदर्य कलमाच्या तिरप्या कटातून येते आणि अक्षराची मापे त्याच कलमाने काढलेल्या नुक्त्यांनी मोजतात. जुन्या देवनागरी व मोडी लेखनात बोरूच्या कटाचेही असेच महत्त्व होते. संवादी पडद्यावरील रेघ मात्र सर्वत्र एकाच जाडीची असते. वर रेषीय प्रकाशाचा जो दोष सांगितला, तोच येथे उपयोगी पडू शकतो. काटकोनी तेज आणि दोन्ही चित्रांतील एकूण तेज यांचे गुणोत्तर घेतले की लेखणीच्या अंतराचा परिणाम निघून जातो आणि तिचा फिरलेला कोन मिळतो. १० व ८० अंशांचे उत्तर एकच येते, म्हणून निराळ्या कोनात ध्रुवक लावलेला आणखी एक दिवा लागेल. कोन कळला की संगणक त्यानुसार जाड-बारीक रेघ काढू शकेल. खुशनवीसीचा पाठ साऱ्या वर्गाला एकाच वेळी मोठ्या आकारात दाखवण्याचा हा मार्ग भौतिकशास्त्र व उर्दू या दोन विभागांनी मिळून तपासण्याजोगा आहे.

साहित्याविषयी एक सावधानता

साधा पोलरॉइड पत्रा अवरक्त प्रकाशाला चालत नाही. एडविन लँड यांनी १९३० च्या दशकात प्रचारात आणलेल्या या पत्र्यांचे आजचे नेहमीचे रूप म्हणजे ताणलेल्या प्लास्टिकमधील आयोडीन. ते दृश्य प्रकाश अडवते, पण ८५० नॅनोमीटरला जवळजवळ मोकळी वाट देते. म्हणून अवरक्तासाठी खास बनवलेला पत्रा किंवा अतिसूक्ष्म समांतर तारांची जाळी घ्यावी लागते.

तारांच्या जाळीमागील तत्त्व भारतीय अध्यापकांना परके नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ पासूनच्या प्रयोगांत मिलिमीटर लांबीच्या विद्युततरंगांचे ध्रुवण दाखवले. त्यासाठी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात पानांआड कथलाचा वर्ख घालून त्यांनी ध्रुवक तयार केला. पीळ दिलेल्या तागाचाही त्यांनी प्रयोगात उपयोग केला.

चतुर्थांश-तरंग थराचेही असेच आहे. दृश्य प्रकाशासाठीचा थर सुमारे १४० नॅनोमीटरचा फरक पाडतो, तर ८५० नॅनोमीटरसाठी सुमारे २१२ नॅनोमीटरचा फरक हवा. दृश्य प्रकाशाचाच थर वापरला तरी ढोबळ हिशेबाने अपेक्षित तेजाच्या तीन-चतुर्थांश तेज मिळते, तेव्हा प्रात्यक्षिकापुरते ते चालेल. अनेक रंगांना एकच पट्टी कशी चालवावी, या प्रश्नाचे उत्तर बंगळूरमध्येच शोधले गेले होते. एस. पंचरत्नम यांनी १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, अनेक पट्ट्या ठरावीक कोनांत एकावर एक रचून अशी चतुर्थांश-तरंग पट्टी तयार करण्याची रीत मांडली.

वर्गात करता येण्याजोगे प्रयोग

१) बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पटलावरील ध्रुवकाचे दोन तुकडे काटकोनात धरावेत. डोळ्याला अंधार दिसेल. आता त्यांमागे टीव्हीचा रिमोट दाबून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहावे. बहुतेक मोबाइलमध्ये रिमोटचा दिवा चमकताना दिसतो. दृश्य प्रकाशाचा ध्रुवक अवरक्ताला निरुपयोगी आहे, हे यातून सिद्ध होते.

२) वर्तुळाकार ध्रुवणाच्या थ्री-डी सिनेमाच्या चष्म्याची एक काच चकचकीत स्टीलच्या ताटलीवर ठेवावी. पडद्याकडची बाजू खाली असता ताटली काळी दिसते, उलटी करताच उजळते. पहिल्या स्थितीत प्रकाश थरातून दोनदा जातो व त्याचे प्रतल ९० अंशांनी वळते. लेखणीत घडते ते हेच.

३) तोच चष्मा लावून, एक डोळा मिटून आरशात पाहावे. उघड्या डोळ्यापुढची काच काळी आणि मिटलेल्या डोळ्यापुढची पारदर्शक दिसते. आरसा मळसूत्राची दिशा उलटवतो याचा हा पुरावा.

मर्यादा

ही पद्धत सर्वगुणसंपन्न नाही. लिहिणाऱ्याचे शरीर लेखणी व कॅमेरा यांच्यामध्ये आले की लेखणी दिसत नाही, म्हणून कॅमेरा वर किंवा बाजूला बसवावा लागतो. लेखणी फार तिरपी झाली तर थराची जाडी बदलल्यासारखी होते व तेज घटते. चकाकती पट्टी खडूच्या धुळीने मळते. प्रखर अवरक्त दिव्याकडे जवळून पाहू नये, कारण तो दिसत नसल्याने डोळा आपोआप मिटत नाही. आज अनेक संस्था मोठे स्पर्शपटल घेतात आणि त्यांना बोटही चालते. परंतु ज्यांच्याकडे चांगला प्रोजेक्टर आहे आणि स्पर्शपटलाची ऐपत नाही, त्यांच्यासाठी निष्क्रिय लेखणीचा विचार व्यवहार्य ठरतो.

समारोप

या रचनेत दिवा, कॅमेरा आणि संगणक हा खर्चाचा व देखभालीचा भाग एका जागी भिंतीवर राहतो. हातोहात फिरणारी, पडणारी, हरवणारी वस्तू म्हणजे लेखणी. ती फक्त नळी, स्प्रिंग, पट्टी व एक पारदर्शक थर यांची बनते. ती मोडली तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच दुसरी बनवता येते. कंपनीचा माणूस येईपर्यंत तास थांबत नाही. सीमाभागातील विद्यार्थ्याला छापील अक्षरे पुस्तकात, मोबाइलवर, सर्वत्र मिळतात. अक्षर घडताना त्याला फक्त अध्यापकाच्या हातातून दिसते. प्रोजेक्टर आल्यामुळे तो हात फळ्यावरून दूर गेला असेल, तर त्याला परत फळ्यावर आणणे एवढेच या साधनाकडून अपेक्षित आहे.